प्राचीन अरण्य पाहायला जाताना : नजर वर, भान पायाखाली

हजार वर्षं उभं असलेलं झाड बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी मान वर करतो. साहजिकच आहे. पण अशा जंगलांचं पाहुण्यांच्या हातून होणारं नुकसान बहुतेक वेळा खाली, बुटांच्या पातळीवर होतं. कॅलिफोर्नियातला कोस्ट रेडवुड हा सूचिपर्णी वृक्ष शंभर मीटरच्या वर जातो, पण त्याची मुळं साधारण दोन ते चार मीटरच खोल असतात. ती आडवी पसरतात, बुंध्यापासून तीस मीटर लांबसुद्धा. न्यूझीलंडच्या कौरी या महावृक्षाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं तर मातीच्या अगदी वरच्या थरात असतात. म्हणजे वाट सोडून झाडाला मिठी मारायला निघालेला माणूस त्याला हात लावायच्या कितीतरी आधी त्याच्या मुळांवरून चालत गेलेला असतो.

प्राचीन अरण्यांतले बरेचसे नियम या एका गोष्टीतून निघतात. ती लक्षात ठेवली की नियम जाचक वाटत नाहीत. खाली सहलीची तयारी ज्या क्रमाने करावी लागते त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी जंगलाचा तुकडा ठरवा

उद्यानाच्या नकाशावरचं सगळं हिरवं जुनं नसतं. अनेक उद्यानांत मूळ जंगलाचे काही तुकडे शिल्लक असतात आणि भोवती पूर्वी तोड झालेलं, पुन्हा वाढलेलं जंगल असतं. रेडवुड नॅशनल पार्क 1968 साली स्थापन झालं तेव्हा आजूबाजूच्या टेकड्यांवर तोड चालूच होती; आज उद्यानात असलेली बरीच जमीन अशी तोडलेली आहे. त्यामुळे ‘उद्यानात जाऊ’ एवढं ठरवून भागत नाही. मूळ जंगल कोणत्या भागात आहे आणि तिथे कोणती पायवाट जाते, हे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी शोधा. तिथे सापडलं नाही तर कार्यालयाला सरळ विचारा. वनरक्षकांना हा प्रश्न आवडतो. ‘सगळ्यात मोठं झाड कुठे आहे?’ हा त्यांना फारसा आवडत नाही.

त्याला कारणही आहे. हायपेरियन नावाचा रेडवुड 2006 साली सापडला. उंची सुमारे 116 मीटर, माहीत असलेल्या जिवंत झाडांत सर्वांत उंच. त्याची जागा जाहीर केलेली नव्हती आणि तिथे वाटही नव्हती. तरी लोक झाडी तुडवत पोचू लागले. बुंध्याभोवतीचे नेचे नाहीसे झाले, माती दाबली गेली, आजूबाजूला कचरा आणि मलमूत्र साचलं. शेवटी 2022 मध्ये तो भाग बंद करावा लागला. तिथे गेल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणजे इतक्या उंच झाडाचा शेंडा बुंध्याशी उभं राहून दिसतच नाही. विक्रमी झाडाच्या मागे लागून पाहणाऱ्याच्या हाती फार काही येत नाही, असं माझं मत आहे. कॅलिफोर्नियाच्याच इन्यो राष्ट्रीय वनातल्या मेथुसेला या 4,800 वर्षांहून जुन्या ब्रिसलकोन पाइनवर तर पाटीच लावलेली नाही. ते झाड ज्या राईत आहे तिथून वाट जाते, लोक त्याच्या जवळून चालत जातात आणि कोणतं ते ओळखता न येता परततात. झाडाच्या दृष्टीने हे उत्तमच.

परवाना, वाहन, वाटाड्या

अशा ठिकाणी अचानक जाऊन उभं राहण्याचे दिवस बऱ्याच जागी संपले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्युअर वुड्समध्ये 2018 पासून खासगी गाडीच्या पार्किंगचं किंवा शटल बसचं आरक्षण आधीच करावं लागतं. जपानच्या याकुशिमा बेटावर जोमोन सुगी या प्रसिद्ध जपानी सीडर वृक्षाकडे जाणाऱ्या अराकावा वाटेच्या तोंडापर्यंत गर्दीच्या महिन्यांत खासगी गाडी नेता येत नाही. पोलंडमधल्या ब्याओव्येझा जंगलाच्या कडक संरक्षण असलेल्या भागात परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. केरळच्या सायलेंट व्हॅलीत मुक्काळीहून वनखात्याच्या व्यवस्थेने, वाटाड्यासोबतच आत जावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रवेशाची तारीख पक्की करा, मग मुक्काम, मग प्रवासाची तिकिटं. उलटं केलंत तर तारीख मिळेल तिथे जंगल शोधावं लागतं.

वाटाड्या सक्तीचा नसला तरी घ्यावा का? पहिल्या भेटीत जरूर घ्या. प्राचीन जंगलात बघण्यासारखं बरंच काही दृश्य म्हणून अंगावर येत नाही. कुणीतरी बोट दाखवावं लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी अशा दोनदा उद्यानाच्या संकेतस्थळावरच्या सूचना तपासा. वणवा, वादळ, दरड, कोसळलेला पूल यांमुळे वाटा एका रात्रीत बंद होतात आणि कधीकधी वर्षानुवर्षं उघडत नाहीत. कॅलिफोर्नियातलं बिग बेसिन हे रेडवुडचं उद्यान 2020 च्या वणव्यात जवळजवळ सगळं होरपळलं आणि 2022 मध्ये मर्यादित स्वरूपात पुन्हा उघडलं. जुन्या प्रवासवर्णनावर भरवसा ठेवून निघालेल्यांची अशा वेळी फजिती होते.

मोबाइलला रेंज नसेल असं धरूनच चाला. म्युअर वुड्स एवढ्या मोठ्या शहराजवळ असूनही तिथे आणि तिथल्या रस्त्यावर रेंज मिळत नाही. आरक्षणाची पावती, नकाशा, परतीच्या शेवटच्या बसची वेळ हे सगळं फोनमध्ये उतरवून ठेवा. शक्य असेल तर नकाशाची कागदी प्रतही घ्या. दाट छत्राखाली, म्हणजे वर एकमेकांत मिसळलेल्या फांद्यापानांखाली, जीपीएसचा निळा ठिपकाही भरकटतो. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू, हे मागे राहिलेल्या एकाला सांगून निघा.

केव्हा जावं

गर्दीच्या हंगामाच्या थोडं आधी किंवा थोडं नंतर, आठवड्यातला मधला वार, दार उघडण्याची वेळ. यापेक्षा जास्त डोकं चालवायची गरज नाही. स्वच्छ ऊन पडलेला दिवस मात्र वाटतो तितका चांगला नसतो. सावलीच्या जंगलात उन्हाचे तुकडे पडले की डोळ्यांना आणि कॅमेऱ्यालाही काळ्यापांढऱ्या ठिगळांखेरीज काही दिसत नाही. ढगाळ दिवस, धुकं, नुकताच थांबलेला पाऊस अशा वेळी सालीचा रंग उठून येतो, शेवाळ फुगून हिरवंगार होतं, बुरश्या वर येतात. वॉशिंग्टन राज्यातल्या होह वर्षावनात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे पाऊस टाळून जाणं म्हणजे जंगलच टाळणं.

वाऱ्याचं मात्र उलट. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर जाऊच नका. त्याबद्दल पुढे.

बूट धुवा, हे गंभीरपणे घ्या

तयारीतला हा सर्वांत कमी केला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. कौरीच्या जंगलात फायटोफ्थोरा जातीचा एक सूक्ष्मजीव मातीतून पसरतो आणि मुळं कुजवतो. झाडाला अन्नपाणी पोचेनासं होतं. लागण झालेल्या झाडाला पूर्ण बरं करणारा इलाज अजून नाही. टाचणीच्या डोक्याएवढ्या मातीतूनही तो एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून तिथल्या वाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि जंतुनाशकाची केंद्रं बसवली आहेत, आणि अनेक वाटा मुळांवरून उचललेल्या फळ्यांच्या केल्या आहेत. वाइपोआच्या जंगलातला ताने महुता हा सुमारे 51 मीटर उंचीचा, सर्वांत मोठा जिवंत कौरी पाहायचा तर ब्रशचे हे चार फटके आधी मारायलाच हवेत.

अशी केंद्रं नसलेल्या उद्यानांतही हे घरीच करा:

1. बुटांच्या तळव्यातल्या खाचांतली वाळलेली माती काडीने किंवा जुन्या टूथब्रशने काढा. जंतुनाशक मातीच्या थराखाली पोचत नाही, म्हणून घासणं आधी.
2. साबणाच्या पाण्याने धुवा, मग जंतुनाशक लावा आणि पूर्ण वाळू द्या.
3. काठीचं टोक, कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय, बाबागाडीची चाकं, पँटची दुमड, मोज्यांना चिकटलेली कुसळं हेही तपासा. परदेशी तणांचं बी मोज्यांवरूनही जातं.

पिशवीत काय

कपडे थरांचे घ्या. दाट छत्राखाली बाहेरच्यापेक्षा गार आणि दमट असतं, आणि हळू चालणाऱ्याला थंडी लवकर वाजते. हलका रेनकोट, पाणी, डोक्यावर बांधायचा टॉर्च, प्रथमोपचाराची पुडी, शिट्टी, कचऱ्याची बंद होणारी पिशवी. बूट पकडीचे हवेत. ओल्या फळ्या आणि मुळं बर्फासारखी निसरडी असतात. याला जोड म्हणून दोन गोष्टी आवर्जून घ्या. एक, छोटी दुर्बीण, कारण छत्र साठ-सत्तर मीटर वर असतं. दुसरी, दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग. शेवाळ आणि दगडफूल भिंगाखाली पाहिलंत की पुढचा अर्धा तास तिथेच जातो.

लांबच्या वाटेचा अंदाज नीट घ्या. जोमोन सुगीची वाट जाऊन-येऊन सुमारे 22 किलोमीटर आणि दहा तासांच्या आसपास असते, आणि तिथे शौचाची सोय मोजकीच असल्याने शौचासाठी स्वतःची बंद होणारी पिशवी बाळगायला सांगतात. पहाटेच निघावं लागतं. उलट म्युअर वुड्सची मुख्य वाट बरीचशी सपाट, फळ्यांची किंवा डांबरी आहे. चाकाची खुर्ची किंवा लहान मुलं बरोबर असतील तर अशी जागा निवडा. वयस्कर माणसांना घेऊन जाताना अंतराच्या आधी वाटेवर बाकं किती आहेत ते विचारा.

खाण्याबद्दल एक नियम फार कडक पाळा: चुरा सांडू नका. हा केवळ स्वच्छतेचा मामला नाही. मार्बल्ड मरलेट हा समुद्री पक्षी मासे समुद्रात पकडतो, पण अंडं घालायला किनाऱ्यापासून आत, जुन्या झाडांच्या शेवाळाने मढलेल्या जाड फांदीवर येतो. एका खेपेला एकच अंडं. तो घरटं नेमकं कुठे करतो हे पक्षितज्ज्ञांना कितीतरी वर्षं कळत नव्हतं. 1974 साली बिग बेसिनमध्ये झाडावर चढलेल्या कामगाराला कॅलिफोर्नियातलं पहिलं सापडलं. सहलीला आलेल्यांनी सांडलेल्या तुकड्यांमुळे त्या भागात ‘स्टेलर्स जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे वाढतात, आणि तेच हे अंडं खातात. म्हणून तिथल्या उद्यानांत टेबलावरचा कणन्‌कण उचलायला सांगतात. खाण्याची जागा ठरलेली असेल तिथेच खा, आणि फळांच्या सालीही परत आणा. ‘कुजून जाईल’ हे खरं असलं तरी त्याआधी ती कुणाच्या तरी पोटात जाते.

वाटेवर

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं बोलू नका. एवढ्या वेळात कान जुळतात आणि गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागतात. मोठ्या गटाने गेलात तर मध्ये अंतर ठेवून दोघेदोघे चाला.

वाट सोडायची नाही, चिखल असला तरी. चिखल टाळायला कडेने गेलेला प्रत्येक जण वाट एक पाऊल रुंद करतो. मधून चाला, बूट खराब होऊ द्या. मातीतल्या बारीक पोकळ्यांत हवा आणि पाणी असतं. पावलांखाली त्या दबल्या की पाणी आत मुरत नाही, मुळांबरोबर जगणाऱ्या बुरश्यांची जाळी तुटतात आणि नवं रोप रुजत नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानाच्या मारिपोसा राईत हे इतकं झालं होतं की महाकाय सिकोयांजवळचं पार्किंग आणि डांबर उखडून काढावं लागलं. दुरुस्तीनंतर राई 2018 मध्ये पुन्हा उघडली. याच राईतल्या वावोना झाडाला 1881 साली गाडी जाईल एवढा बोगदा पाडला होता. पर्यटकांनी त्यातून जायची हौस पिढ्यान्‌पिढ्या भागवली आणि 1969 च्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने ते कोसळलं.

काही उचलायचं नाही: शंकू, सालीचा तुकडा, पीस, बुरशी, काहीच नाही. सालीवर नाव कोरणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

पाहायचं कसं

नवखा पाहुणा जाडजूड खोडं मोजतो आणि तासाभरात कंटाळतो. जुन्या जंगलाची खूण एकट्या जाड झाडात नसते. ती मिश्रणात असते. लागवडीचं किंवा तोडीनंतर उगवलेलं जंगल एका वयाचं, एका उंचीचं दिसतं. इथे आजोबा, बाप, पोर, नुकतं उगवलेलं रोप आणि शंभर वर्षांपूर्वी मेलेलं खोड एकाच नजरेत येतात. एका जागी थांबून हे शोधा:

वर छत्रात भोक कुठे आहे? तिथे एखादं झाड पडलेलं असणार. त्या उजेडाच्या झोताखाली खाली काय उगवलंय ते बघा. पुढच्या काही शतकांचं जंगल तिथे रांगेत उभं असतं.

उभी मेलेली खोडं किती आहेत? सुतारपक्ष्यांनी पाडलेल्या ढोल्यांत पुढे घुबडं, वटवाघळं, खारी राहतात. ब्याओव्येझात मेलेल्या लाकडाचं प्रमाणच जंगल जुनं असल्याची ओळख मानतात, आणि तिथले कितीतरी भुंगेरे आणि बुरश्या त्यावाचून जगूच शकत नाहीत. किडलेलं लाकूड ‘साफ’ करण्याच्या नावाखाली झालेल्या तोडीबद्दल पोलंडला 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने दोषी ठरवलं. म्हणून पडलेला ओंडका पाहून ‘इथे कुणी लक्ष देत नाही’ असं म्हणू नका.

ओंडक्यांवर रोपं उगवली आहेत का? होहमध्ये पडलेल्या खोडावर रुजलेली झाडं सरळ रांगेत उभी दिसतात. खालचा ओंडका कुजून गेला की मुळं कमान करून हवेत राहतात आणि झाड पायांवर उभं असल्यासारखं भासतं. रांग दिसली की तिच्याखाली कधीकाळी कोण आडवं पडलं होतं, हे ओळखा.

जमीन उंचसखल आहे का? झाड मुळासकट उलथलं की खड्डा आणि बाजूला मातीचा ढीग उरतो. शेकडो वर्षांनीही हे चढउतार राहतात; नांगरलेल्या किंवा सपाट केलेल्या जमिनीवर ते नसतात.

उलट खूणही पाहा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या खुंटावर छातीच्या उंचीला आडव्या खाचा दिसल्या, तर त्यात फळी अडकवून तोडकऱ्यांनी वर उभं राहून करवत चालवली होती. तुम्ही पुन्हा वाढलेल्या जंगलात आहात.

एवढं सगळं अर्ध्या किलोमीटरात दिसतं. अंतर कमी करा, वेळ वाढवा.

वारा, प्राणी, अंधार

प्राचीन जंगलात वरून पडणारी फांदी हा खरा धोका आहे, अस्वल नव्हे. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या कॅथीड्रल ग्रोव्ह या राईत 1997 च्या पहिल्याच दिवशी आलेल्या वादळाने शेकडो मोठी झाडं आडवी केली. वारा वाढू लागला की परत फिरा. मेलेल्या खोडाखाली किंवा अर्धवट लटकलेल्या फांदीखाली डबा उघडून बसू नका, तंबू तर मुळीच नको. वर करकर आवाज आला तर आधी वर बघा, मग बाजूला व्हा; न बघता पळणारा नेमका तिकडेच जाऊ शकतो. झाड पडून वाट अडली असेल तर वळसा शोधत रान तुडवू नका, मागे फिरा आणि कार्यालयात कळवा.

मोठ्या प्राण्यांपासून किती लांब राहायचं ते प्रत्येक उद्यान सांगतं. आकडा आठवत नसेल तर हात ताठ पुढे करून अंगठा उभा धरा. प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला जात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. ब्याओव्येझातले रानटी गवे, म्हणजे युरोपीय बायसन, 1919 मध्ये तिथून संपले होते. बंदिवासात वाढवलेले 1952 पासून पुन्हा सोडले गेले. शांत दिसतात म्हणून कुणी जवळ जाऊ नये.

सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबू नका. छत्राखाली अंधार बराच आधी पडतो.

फोटो

संपूर्ण झाड एका फोटोत बसत नाही, आणि बसवण्यासाठी मागेमागे सरकताना लोक वाटेबाहेर जातात. त्याऐवजी बुंधा, साल आणि वाटेवर उभा असलेला एक माणूस एवढं घ्या. उंची आपोआप कळते. अंधारात हात हलतो, म्हणून फोन कठड्याला टेकवा. अशा जागी ड्रोनला सहसा बंदी असते. आणि वाटेवर नसलेल्या झाडाचा, दुर्मीळ ऑर्किडचा किंवा घरट्याचा फोटो टाकताना त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका. हायपेरियनचं जे झालं ते अशाच जागा फुटल्यामुळे.

परतताना

बाहेर पडतानाही ब्रशचं केंद्र असेल तर बूट पुन्हा घासा. आत येताना तुम्ही बाहेरची माती आणली नाहीत, आता आतली बाहेर न्यायची नाही. काही दिवसांत दुसऱ्या जंगलात जाणार असाल तर बूट पूर्ण वाळवून किंवा दुसरा जोड घालून जा. गोचिडी असलेल्या प्रदेशात गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा, पिरगाळू नका. नंतर ताप किंवा पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.

वाटेत तुटलेली फळी, ताजी कोरलेली साल, नवी पडलेली चोरवाट दिसली असेल तर जाण्याआधी कार्यालयात सांगून जा. नकाशावर जागा दाखवता आली तर उत्तम. नाही तर शेवटची पाटी कोणती ओलांडली होती एवढं सांगितलं तरी त्यांना पोचता येतं.